मारुतीच्या इंजिनावर रेस

"काय गं, तुमच्या धाकट्यानं परसात भंगार आणून टाकलंय?"

"भंगार नाही हो काकू, मारुती आठशे. तिचं इंजिन काढून रेसची गाडी बनवणार म्हणे. ह्यांनी बोलणंच टाकलंय त्याच्याशी."

"बोलणं कशाला टाकायचं? नारायण कार्तिकेयन मारुतीच्याच इंजिनावर शिकला. फॉर्म्युला मारुती. कोइमतूरच्या करीवर्धननी बनवलेली."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"अगं, आम्ही मद्रासला होतो ना! रविवारी शोलावरमला. लढाईच्या काळातली विमानाची धावपट्टी, तिच्यावर रेस. मी छत्री धरून उन्हात, आणि आमचे हे बॉनेट उघडं दिसलं की तिथंच. पैसेवाले परदेशातून गाड्या मागवायचे, मल्ल्यांनी तर फॉर्म्युला वनची एन्साइन आणलेली. बाकीचे आपली फियाट ठोकूनठाकून पळवायचे. करीवर्धनही तिथं रेस मारायचे. घरची लक्ष्मी मिल्स, म्हणजे स्वस्तातली गाडी काही नाइलाजानं नव्हती केली. सगळ्यांची गाडी सारखी, इंजिन 796 सीसीचं, पार्ट गावातल्या दुकानात मिळणारे. मग पुढं गेला तो पोरगा, खिसा नव्हे. मला विचारशील तर त्यांच्या सगळ्या कपांपेक्षा हे काम मोठं."

"पण चालवणाऱ्यानं बनवायला कशाला जायचं?"

"वळणावर गाडी कुठं दगा देते ते त्यालाच कळणार ना! तो ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम 1966 ला स्वतःच्या नावाच्या गाडीत जगज्जेता झाला. असा अजून तो एकटाच."

"आणि करीवर्धन?"

"गेले गं, 1995 ला. रेसमध्ये नाही, विमानाच्या अपघातात. नारायण फॉर्म्युला वनला गेला 2005 साली, ते काही बघायला मिळालं नाही त्यांना. कोइमतूरच्या ट्रॅकला नाव दिलंय त्यांचं."

"म्हणजे ह्यांना समजावू म्हणता?"

"समजाव. पण पोराला दम दे, आधी ब्रेक, मग इंजिन. आणि ते घेऊन पसरणी घाटात दिसला तर मीच पोलिसांत फोन करीन. चल, कुकर झाला माझा. आणि हे बघ, गाडीच्या पुढच्या सीटा भंगारात घालू नका. ओट्यावर टेकायला एक मला हवीय."