हॉस्टेलचा पोप

लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत कॉलेजांची जेवढी म्हणून हॉस्टेलं आहेत, त्यांतल्या बहुतेक हॉस्टेलांत एक 'पोप' असतो. या पदाला निवडणूक नसते. पहिल्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, बाकीची खोली घोरत असताना, जो मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो, त्याची त्याच दुपारी नेमणूक होते. ती डिग्री मिळेपर्यंत टिकते. म्हणजे काही पोप चार वर्षांचे, काही सहा.

खरं नाव सायमन नाहीतर दाविद. आडनाव साळवे, गायकवाड, पंडित असं काहीतरी. गाव श्रीरामपूर-राहात्याकडचं, बोलणं अस्सल नगरी. पण ख्रिश्चन म्हणजे गोवा, हे कॉलेजने आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्यामुळे पहिल्या गॅदरिंगला त्याच्या हातात गिटार येते. त्याला वाजवता येते ढोलकी, आणि तीही तो गावच्या चर्चमध्येच शिकलेला असतो. हे सांगितल्यावर पोरं त्याच्याकडे फसवणूक झाल्यासारखं बघतात. (वसईचा पोपही असतो. तो सुकेळी आणतो, आणि आईशी फोनवर कादोडीत बोलायला लागला की शेजारच्या खोलीला ते पोर्तुगीज वाटतं. पण तो शनिवारी घरी पळतो, म्हणून तो या लेखात नाही.)

फसवणुकीचा दुसरा अंक नाताळात. सुट्टीवरून परतताना पोपच्या बॅगेत आईने भरून दिलेला डबा असतो. खोली केकच्या आशेने झाकण उघडते, तर आत करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या.

"हे दिवाळीचं उरलेलं रे!"

नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला फराळच होतो, हे पोप जीव तोडून सांगतो. कोणी ऐकत नाही. करंज्या मात्र संपतात. शेवटी पोप बाजारात जातो, बेकरीतून स्वतःच्या पैशांनी प्लम केक आणतो आणि आपण ख्रिश्चन असल्याचं सिद्ध करतो. माझ्या ओळखीचा एक पोप तर हा केक त्या बेकरीत पहिल्यांदाच चाखत होता. त्याला तो आवडला नाही.

आता त्याची भक्ती. मी या मुलांना वर्गात शिकवलं आहे आणि तोंडी परीक्षेत छळलंही आहे, तेव्हा जबाबदारीने सांगतो की पोपच्या श्रद्धेचा निम्मा भाग वेळापत्रकाचा असतो. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवायची नाही हा नियम. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या खात्यात जमा होते ही त्याच नियमातली सवलत. तिचा शोध प्रत्येक पोपला दुसऱ्या सेमिस्टरच्या सुमारास लागतो आणि रविवारी उशिरापर्यंत झोपायच्या कल्पनेने तो हरखून जातो. पण शनिवारी संध्याकाळीच अख्खी मुंबई घाट चढून लोणावळ्यात शिरत असते. पावसाळा असेल तर भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग, त्यात चिक्कीच्या दुकानांपुढे आडव्या लावलेल्या गाड्या, त्यांतून उतरलेली आणि कणीस हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली कुटुंबं. पोप चर्चच्या दारात पोचतो तेव्हा आत शेवटचं गाणं चालू असतं. म्हणजे रविवारी सकाळी पुन्हा आलंच.

रविवारी वेगळं गणित. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी एक तास काही खायचं नाही. पाणी चालतं, औषध चालतं. चहा औषधात मोडतो की नाही, यावर पोपचं आणि फादरांचं अजून एकमत झालेलं नाही. मात्र हा तास मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून मोजायचा नसतो, प्रसाद घेण्याच्या क्षणापासून मागे मोजायचा असतो. मिस्सा आठची. प्रसाद साधारण पावणेनऊला. म्हणजे पावणेआठपर्यंत वडापाव खायला धर्माची हरकत नाही. प्रवचनाला जुने फादर असतील तर प्रसाद नऊपर्यंत लांबतो, म्हणजे आठला दोन मिनिटं कमी असतानाही चर्चच्या कोपऱ्यावर दुसरा वडापाव बसतो. नवे फादर सात मिनिटांत आटपतात, त्या रविवारी उपाशी. पोपने हे सगळं चल, अचल आणि मर्यादा यांच्यासह पक्कं बसवलेलं आहे. याच्या चौथाई कष्ट त्याने एम-थ्री या गणिताच्या पेपरवर घेतले असते तर पुढचा प्रसंग टळला असता. पण तो पुढेच सांगतो.

मेसच्या काकूंना मात्र पोपचा देव अजून उलगडलेला नाही. काकू कामशेतजवळच्या. एकादशी, संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार, नवरात्र असे उपासाचे सगळे प्रकार त्यांनी रांधलेले. कुणाचा उपास म्हटलं की त्या साबुदाणा भिजत घालतात. राखेच्या बुधवारी पोप कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आला (पोरांनी विचारलं, "महाशिवरात्र लवकर आली का रे?") आणि म्हणाला, "काकू, आज उपास आहे. एकदाच जेवणार." काकूंनी खिचडी पुढे ठेवली. त्याने पोळी-भाजी मागितली.

"उपास हाय म्हनतोस आन् चपात्या मागतोस?"

"आमच्यात चालतात, काकू. मटण-चिकन चालत नाही."

"मग अंडं?"

"चालतं."

"बोंबील?"

"मासे चालतात."

काकूंनी पळी खाली ठेवली. "म्हंजी आमच्या उपासाला जे चालत न्हाई ते समदं तुमच्या उपासाला चालतं. मग उपाशी ऱ्हातो कोन?"

या प्रश्नाला उत्तर आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठच्या दरम्यानच्या माणसाने एकच पोटभर जेवण घ्यायचं. पण काकूंच्या आवाजापुढे पोपला ते सांगता आलं नाही. त्याची खरी पंचाईत तर पुढेच होती. त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत रविवार मोजले जात नाहीत, आणि मेसमध्ये चिकन असतं रविवारीच. रोमची परवानगी आहे. श्रीरामपूरची नाही. आईने फोनवर स्वच्छ सांगितलेलं असतं की आपल्यात रविवारसकट सगळे दिवस पाळतात, पोपबिप काय म्हणतो ते तिकडे. अशा वेळी आमचा पोप आईचं ऐकतो, आणि सहा रविवार त्याच्या वाटणीचं चिकन खोली खाते. खोलीइतका हा काळ मनापासून पाळणारं दुसरं कोणी नाही.

पापनिवेदनाचं प्रकरण खोलीला जास्त झोंबतं. जर्नल चौघांनी मिळून एकाच फाइलवरून उतरवलेलं. त्यातला एकजण जाऊन ते कुणाला तरी सांगून येणार, म्हणजे बाकीच्या तिघांचं काय?

"आमची नावं घेतलीस का?"

"आपलीच पापं सांगायची असतात. आणि फादर मेले तरी कुणाला सांगत नाहीत."

"एचओडींनी विचारलं तरी?"

"पोलिसांनी विचारलं तरी."

खोलीला हे फार आवडलं. त्यातला एक, देहूचा, पिढीजात माळकरी, म्हणाला की अशी सोय आमच्यातही पाहिजे होती. शिक्षा काय झाली, असं विचारल्यावर पोप म्हणाला, तीनदा 'नमो मारिया' ही प्रार्थना. माळकऱ्याचा विश्वासच बसेना. लॅबच्या सरांनी त्याच गुन्ह्याला अख्खं जर्नल पुन्हा लिहायला लावलं होतं. या माळकऱ्याला पोपने एकदा सांगितलं की पुण्याचे बिशप होते थॉमस डाबरे, त्यांनी डॉक्टरेट तुकोबांवर केली. तेव्हापासून देहूरोड स्टेशन आलं की माळकरी पोपला खिडकी देतो.

वर्षातून एकदा पोप मौनात जातो. त्याला रिट्रीट म्हणतात आणि ती गावातच असते. लोणावळ्यात माणसं दोनच कामांसाठी येतात, गप्प बसायला आणि आरडाओरडा करायला. दोघांचे बंगले एकमेकांना लागून असतात. इथेच फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी 'साधना' केंद्र चालवलं. श्वासाकडे लक्ष द्या, आवाज ऐकू आला तर तोही ऐका, असं ते जगभरच्या धर्मगुरूंना आणि सिस्टरांना शिकवत. आमच्या पोपने पहिल्या रात्री श्वासाकडे लक्ष दिलं, तर भिंतीपलीकडच्या बंगल्यात पहाटे दोनपर्यंत 'झिंगाट'. तोही त्याने ऐकला. डिमेलोंच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणातल्या काही मतांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. हे कळल्यावर पोपने त्यांची दोन पुस्तकं लगेच विकत घेतली. त्याआधी त्याने अभ्यासाबाहेरचं पुस्तक विकत घेतल्याचं कुणाला आठवत नाही.

परीक्षा जवळ आल्या की पोपचा भाव वधारतो. एरवी "तुम्ही लोक वाइन पिता ना चर्चमध्ये?" असं डोळा मारून विचारणारी पोरं हळूच येऊन विचारतात, "एक मेणबत्ती आमच्या नावाची लावशील?" हरवलेल्या चार्जरसाठी संत अंतोनी, हाताबाहेर गेलेल्या प्रकरणांसाठी संत ज्यूड, असं खातेवाटप त्याने सांगून ठेवलेलं आहे. परीक्षेचं खातं कुपर्तिनोच्या संत योसेफांकडे. कॉम्प्युटरच्या पोरांना कुपर्तिनो म्हटलं की ॲपल आठवतं. कॅलिफोर्नियातल्या त्या गावाचं नाव या संतावरूनच आलं. हे योसेफ सतराव्या शतकातले, अभ्यासात अगदी ढ. धर्मगुरू होण्याआधीच्या तोंडी परीक्षेत त्यांना बायबलमधलं नेमकं तेवढंच वाक्य विचारलं गेलं, ज्यावर त्यांना बोलता येत होतं. पुढच्या परीक्षेत पहिल्या काही उमेदवारांची उत्तरं इतकी चांगली आली की परीक्षकांनी उरलेल्यांना न विचारताच पास केलं, आणि त्या उरलेल्यांत हे होते, अशी कथा आहे. लोक हा चमत्कार मानतात. मी बाहेरचा परीक्षक म्हणून वीस वर्षं हिंडलो आहे. दुपारी साडेतीननंतर, गाडीची वेळ झालेली असताना, हा चमत्कार मी स्वतः अनेकदा केला आहे.

२०२५च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले, तेव्हा सगळं हॉस्टेल आमच्या पोपकडे सांत्वनाला आलं. नंतरचे दिवस "तुला फोन आला का?" असं विचारण्यात गेले. ८ मे रोजी धूर पांढरा झाला, चौदावे लिओ आले, आणि कुणीतरी मोबाईलवर शोधून काढलं की नव्या पोपची पदवी गणिताची आहे, अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाची, १९७७ची. खोलीला वाटलं, आता एम-थ्रीची चिंता नाही. वरपर्यंत ओळख आहे.

निकाल लागला. माळकरी सुटला. पोपसकट बाकी तिघांचा एम-थ्री राहिला.

"तुझा साहेब गणितवाला ना रे?"

"त्यांचा सिलॅबस वेगळा होता," पोप म्हणाला.

आता येत्या बुधवारी सगळे माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाणार आहेत. तिघे पुनर्मूल्यांकनाचे अर्ज खिशात घालून, माळकरी नुसताच सोबतीला. तिकिटं पोपने काढायची असं ठरलंय, देव त्याचा असल्यामुळे. काकूंनी वाटेत खायला डबा द्यायचं कबूल केलंय, फक्त त्या दिवशी उपास आहे की नाही आणि असला तर कोणता, हे त्यांना आदल्या रात्री लेखी पाहिजे.