आणखी एक तुकडा

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी देहूत बीज असते. आदल्या दिवशी भांगेच्या ठंडाईचे ग्लास रिचवलेले काही भाविक उतारा नीट पडायच्या आत नांदुरकीच्या झाडाखाली हात जोडून उभे. आणि हात जोडायचे कुणाला? तर तंबाखूची नळी तोंडात धरून भांगेत बुडालेल्या कलियुगातल्या 'संतां'ची गाथेत सालटी काढणाऱ्या तुकोबांना!

तेव्हाचा भोंदू निदान ओळखू यायचा. आता माल चमकदार वेष्टनात येतो. २०२१ साली अमली पदार्थविरोधी एनसीबीने मालाडच्या एका बेकरीतून गांजाच्या ब्राउनी जप्त केल्या. त्याच वर्षी माझगावात घरी भाजलेल्या दहाएक किलो ब्राउनी सापडल्या. चिलीम गेली, ओव्हन आला.

गांजा ओढला की मिनिटांत कळतं. खाल्ला की अर्धा तास, कधी दोन तास काहीच नाही. मग 'काय होत नाय रे' म्हणत आणखी एक तुकडा. तोवर यकृताने टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, अधिक जहाल रूप तयार केलेलं असतं आणि दोन्ही तुकडे मिळून चढतात. छातीत धडधड, ओकाऱ्या, भास, जीव जाणार अशी भीती. उतरायला अख्खी रात्र पुरत नाही. सकाळी चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी, समोर प्रेस मशीन. पुढचं मी लिहीत नाही.

कुणी म्हणेल, 'अहो, हे भांगेचे पदार्थ कायदेशीर आहेत.' असतील, पण कोणते? १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं आणि बिया वगळल्या. पानांच्या भांगेला महाराष्ट्रात परवाना लागतो. २०२१ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बियांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांच्या पेयात टीएचसीची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम. तेवढ्याने डासही झिंगणार नाही. म्हणजे ज्याने डोकं गरगरतं, ते या मान्यतेत बसत नाही.

सगळ्यात वाईट, पोरांना गांजाचं चॉकलेटही फक्त चॉकलेट दिसतं. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे पदार्थ खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४.

तेव्हा घरातलं पोर अचानक पेंगू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर अब्रूचा विचार नंतर करा. काय खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगा, वेष्टन सोबत न्या. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.