खुनाचं टीए बिल

नोकरीभर मी दुसऱ्यांची प्रवासभत्त्याची बिलं तपासली. डबा घरून नेऊन हॉटेलचं जेवण दाखवणारे, चालत जाऊन रिक्षा लावणारे, 'किरकोळ' या सदरात अख्खा संसार बसवणारे, सगळे माझ्या लाल पेनाखालून गेले. निवृत्त झाल्यावर इंटरनेटवर जुनी अमेरिकी रेडिओ नाटकं ऐकायचा नाद लागला, आणि एका रात्री इअरफोनमध्ये जॉनी डॉलर भेटला. वाटलं, हा इसम माझ्या टेबलासमोर यायला हवा होता.

'यूअर्स ट्रूली, जॉनी डॉलर' ही मालिका सीबीएस रेडिओवर १९४९ ते १९६२ चालली. जॉनी हा विमा कंपन्यांसाठी काम करणारा तपासनीस, मुक्काम हार्टफर्ड. आणि त्याची प्रत्येक गोष्ट म्हणजे त्याने कंपनीला सादर केलेलं खर्चाचं बिल! बाब पहिली, रेल्वेभाडं. की लगेच प्रेत. बाब तिसरी, टॅक्सी. की लगेच गोळीबार. शेवटी बेरीज आणि खाली सही. मालिकेचं नाव म्हणजे ती सहीच. रहस्यकथा लिहिण्याची याहून सुंदर रीत मला ठाऊक नाही. खून कुणीही करतो. खुनाचा खर्च बाबवार मांडायला शिस्त लागते.

शिस्त आहे, पण पावत्या नाहीत. अहो, एकही पावती जोडलेली ऐकू येत नाही! सुरुवातीच्या भागांत तर हे गृहस्थ बक्षिसी म्हणून चांदीचे डॉलर वाटत सुटायचे. कोणत्या नियमाखाली? १९५५ साली बॉब बेली हा नट जॉनी झाला आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. त्याच्या आवाजात थकवा आहे, माया आहे, आणि लावलेला पैसा खरंच खर्च झाला असेल असा भरवसा आहे. तेव्हा सोमवार ते शुक्रवार रोज पाव तास, अशी एकेक गोष्ट आठवडाभर चालायची. त्या काळच्या श्रोत्याने गुरुवारी रात्री पिस्तूल रोखलेलं ऐकून शुक्रवारपर्यंत कसा दम धरला असेल? मी पाचही भाग एका बैठकीत संपवतो आणि मग उगाचच हळहळतो.

यूट्यूबवर ही नाटकं लावली की पडद्यावर बहुधा एका जुन्या लाकडी रेडिओचं चित्र येतं. अर्धा तास ते हलत नाही. तरी मी त्याच्याकडे टक लावून बसतो. हल्लीच्या जाहिराती मी पाच सेकंदांत उडवतो, पण जुन्या रेडिओ कार्यक्रमातली १९४० सालची जेलीची जाहिरात मात्र शेवटच्या चमच्यापर्यंत ऐकतो. विकत घ्यायचा धोका नाही, हे एक कारण असावं.

आकाशवाणीवरच्या टेकाडे भावजींवर वाढलेल्या आमच्या पिढीला नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायची सवय आहेच. पण अमेरिकनांचा विश्वास त्याच्याही पुढचा. एडगर बर्गन हा शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलतं करणारा कलावंत, तिथे रेडिओवर वर्षानुवर्षं तुफान लोकप्रिय होता. रेडिओवर! ओठ हलले काय नि न हलले काय, बघणार कोण? असल्या नोकरीसाठी मी वाटेल त्या गावी बदली घेतली असती.

माझी ही बिलं ऐकण्याची हौस सौभाग्यवतींना पटत नाही. "माणूस मेलाय, आणि तुम्ही टॅक्सीचे पैसे मोजताय," म्हणतात. म्हणून एकदा त्यांच्यासाठी 'सस्पेन्स' मालिकेतलं 'सॉरी, राँग नंबर' लावलं. १९४३ सालचं, ल्युसिल फ्लेचरने लिहिलेलं. अॅग्नेस मूरहेडने जवळजवळ एकटीने पेललेलं. अंथरुणाला खिळलेली बाई नवऱ्याला फोन लावते, क्रॉस कनेक्शन होतं आणि कुणीतरी खुनाचा बेत आखताना तिला ऐकू येतं. रात्री सव्वाअकराला, पुलावरून गाडी धडधडत जाईल तेव्हा. (आमच्या क्रॉस कनेक्शनमध्ये फार तर सोन्याचा भाव नि कुणाच्या तरी सुनेचं वागणं कळायचं.) बाई ऑपरेटरला विनवते, पोलिसांना फोन करते, कुणी दाद देत नाही. आवाज चढत जातो. मी उशी घट्ट धरली होती.

नाटक संपलं. सौभाग्यवतींनी इअरफोन काढून माझ्या हातात दिला. सगळं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलेलं.

"सगळ्या जगाला फोन केले बयेने," त्या म्हणाल्या, "पण शेजारणीला एक हाक नाही मारली. आणि मला सांगा, रात्री सव्वाअकराला कुणीच जागं नाही, कुणी विरजण मागायला आलं नाही, पुलावरून गाडी गेली तरी कुणी खिडकीत नाही. असलं घर घेतलंच कशाला त्यांनी?"