धारकाका

कुऱ्हाड हातात आली की साधा माणूस लाकूड शोधतो. धारकाका उजेड शोधतात. खिडकीशी जाऊन, एक डोळा मिटून, पातं नाकासमोर धरून ते धारेकडे बघत राहतात. बोथट धारेवर उजेड पडला की पांढरी रेघ चमकते, खरी धार दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर आहे. पण काहीच दिसत नाही म्हणून इतका खूश होणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल.

सध्याची कुऱ्हाड स्वीडनची, ग्रेन्सफोर्स कारखान्याची. तिकडे नोकरीला असलेल्या जावयाने आणली. सासरा जावयाला धोंड्याचं वाण देतो हे आपल्याला माहीत आहे. जावयाने सासऱ्याला कुऱ्हाड द्यावी, हा रिवाज या घराने सुरू केला. हा कारखाना 1902 सालचा. तिथे ज्या लोहाराने पातं घडवलं, त्याच्या नावाची आद्याक्षरं त्यावर ठोकलेली असतात. काका त्या न पाहिलेल्या लोहाराबद्दल घरातल्यासारखं बोलतात. "आमच्या माणसाचा हात इथे जरा हलका पडलाय," असं म्हणून ते आपल्याला पातं दाखवतात. आपल्याला तिथे लोखंड दिसतं. पण मान हलवावी, कारण समोरच्याच्या हातात कुऱ्हाड असते.

परीक्षा ठरलेल्या क्रमाने होते. आधी दांडा. त्याचं टोक डोळ्यासमोर धरून लाकडाच्या रेषा बघायच्या. त्या पात्याला समांतर धावल्या तर दांडा टिकतो, आडव्या गेल्या तर घावाला मोडतो. मग नख. धार नखावर अलगद टेकवायची. घसरली तर नापास, रुतली तर पास. मग रविवारची पुरवणी. ती सुर्रकन कापली जाते, आणि काकूंचं शब्दकोडं दर आठवड्याला उभ्या शब्दांत एकीकडे व आडव्या शब्दांत दुसरीकडे जातं. शेवटी मनगटावरचे केस. त्यामुळे काकांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत आहे. उजव्या हाताचं काम डाव्या हाताने सुरू केलं, तेव्हा काकूंनी फुलशर्ट शिवून आणले.

त्याच घरातली विळी मात्र अशी आहे की तिच्यावर भेंडी चिरत नाही, दबते. "अहो, एवढी विळी लावून द्या," असं काकू कधीपासून म्हणताहेत. काकांचं उत्तर तयार: आधी तिचं पोलाद कळायला हवं, मग दगड ठरेल. हजार नंबरचा दगड झाला, सहा हजारचा झाला, न्हाव्याकडे असतो तसा चामड्याचा पट्टा झाला. विळीचा अभ्यास अजून चालू आहे. खंडेनवमीला पाटावर कुऱ्हाड मांडून झेंडू वाहिला, तेव्हा काकूंनी मुद्दाम विळी शेजारी ठेवली. काकांनी तीही पुजली, पण दुरून.

आता तोडायचं काय, हा प्रश्न तुमच्या-आमच्यासारख्यांना पडतो. तिसऱ्या मजल्यावर राहतात, स्वयंपाक गॅसवर. शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणातलं का असेना. काकांना ही अडचण वाटतच नाही. लाकडावर मारली तर धार जाईल की! मला तर वाटतं, ज्यांना खरोखर लाकडं फोडायची असतात, त्यांना धारेचं एवढं सुख परवडतच नाही.

तरी एकदा काका कुऱ्हाड चामड्याच्या म्यानात घालून वखारीवर गेले. तिथले मामा ओंडके फोडत होते. त्यांची कुऱ्हाड ट्रकच्या जुन्या पाट्याची, गावच्या लोहाराने घडवलेली, दांडा धावड्याचा. मामांनी काकांची कुऱ्हाड उचलली, पात्याला टिचकी मारून कानाशी नेली.

"पाणी चांगलं बसलंय."

"सत्तावन्न रॉकवेल आहे," काका म्हणाले.

"आमचा लोहार आकडा नाय बघत. पाणी पाजताना पात्यावर पिवळा रंग चढतो, मग निळा. कुठं थांबायचं ते त्याला कळतं." मामांनी दांडा उलटा धरून टोक न्याहाळलं. काकांचा श्वास अडकला. असा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. "लाकूड कसलं?"

"हिकरी. अमेरिकेतलं झाड."

"आन् कुऱ्हाड?"

"स्वीडनची."

"मंग दांडा परगावचा का? तिकडं धावडा नाय व्हय?"

या प्रश्नावर दोघं ओंडक्यावर बसले. काकांनी खिशातून पट्टा काढला, मामांनी आपली कुऱ्हाड पुढे केली. टेम्पो लावून उभा असलेला आचारी आधी घड्याळ बघत होता, मग ओरडायला लागला. संध्याकाळी लग्नाचा स्वयंपाक होता आणि एक ढलपी फुटलेली नव्हती. शेवटी तो तणतणत दोघांच्या समोर येऊन उभा राहिला. बाह्या वर केलेल्या, हात कोपरापासून मनगटापर्यंत काळ्याभोर केसांनी भरलेले.

काका आणि मामा, दोघांनी एकदमच वर पाहिलं.

"बसा ना," काका अगत्याने म्हणाले. "जरा हात पुढे करता?"