शंभर टक्क्यांचा फ्लेक्स

"बघितला का वो काकू, बसस्टँडवर त्या खासगी शाळेचा फ्लेक्स लागलाय. दहावीचा निकाल शंभर टक्के! आपल्या प्रशालेचं मात्र कुठं नाव नाही."

शोभा दांडीवरचे कपडे सोडून भिंतीला रेलली. पलीकडं काकू मेथी निवडत होत्या. बीड जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. निकाल इथं आधी भिंतीवर लागतो, मग बोर्डाच्या साइटवर.

"शंभर टक्के कुणाचे गं? नववीत जी लेकरं कच्ची दिसली, त्यांच्या आईबापाला बोलावून सांगितलं, १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. मग ती नापास झाली तरी शाळेच्या टक्क्याला काय धक्का?"

"हे म्हणतात, तिथं शिस्त आहे."

"आहे की! बाप ट्यूशनच्या दारात गाडी घेऊन उभा असतो, बिघडतंय काय? अन् प्रशालेत बघ, दिवाळी झाली की अर्धा वर्ग उसाला. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, जावंच लागतं. मागं आजी असली तर लेकराचं नाव हंगामी वसतिगृहात लागतं, दोन वेळचं जेवण मिळतं. नसली तर तेही गाडीत, थेट सांगली नाहीतर कर्नाटक. दहावीची पोरगी मागं ठेवली, तर म्हातारी अन् शेळ्या तिच्या गळ्यात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. कैक कारखान्यांचं गाळप संपून पट्टा तवर पडलेलासुद्धा नसतो. तिनं पस्तीस काढले तर पेढे मी वाटीन."

"पण गरिबाला त्या शाळांत पंचवीस टक्के जागा असतात ना? आरटीईच्या?"

"लॉटरी लागली तर! त्यातही २०२४ला सरकारनं नियम काढला होता, किलोमीटरभरात सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असली की खासगीला त्या जागा द्यायची गरज नाही. हायकोर्टानं उडवला म्हणून बरं. मला विचारशील तर जूनचा पट अन् संक्रांतीची हजेरी शेजारी ठेवून निकाल छापावा. मग कळंल कुणी काय शिकवलं."

शोभानं चिमटा तोंडातून काढला. "काकू, एक विचारू? तुमचा नातू तर त्याच फ्लेक्सवाल्या शाळेत आहे."

काकूंनी मेथीची जुडी झटकली. "सून ऐकती का माझं? अन् हळू बोल, ती आतच आहे. फीचा दुसरा हप्ता राहिलाय अजून."