व्यवसाय : शेती व समाजसेवा

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर सिद्धरामेश्वरांची विभूती आणि हातात दोन मोबाइल. एक वाजत असतो तेव्हा आण्णा दुसऱ्यावर "हं, बघू की ओ" म्हणत असतात. आण्णा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. होटगी रोडला एक आहेत, पंढरपुरात दोन, आणि बार्शीत मोजायला बसलात तर चहा गार होईल.

सुरुवात ट्रॅक्टरच्या एजन्सीपासून झाली. तेव्हा लोक 'शेठ' म्हणत. ट्रॅक्टर उधारीवर जात, म्हणून पतसंस्था काढली आणि शेठचे चेअरमन झाले. कर्जदाराच्या रानात ऊस उभा, तो गाळणार कोण? सोलापूर जिल्ह्यात 30 च्या वर साखर कारखाने आहेतच, त्यात आणखी एक. कारखान्याला इंजिनिअर लागतात म्हणून कॉलेज. आणि एवढ्या सगळ्यांचे परवाने मुंबईत अडकतात, म्हणून समाजसेवा.

1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की उसाचं बिल 14 दिवसांत द्यावं. आण्णांना आदेश मान्य आहे. 14 दिवस कधीपासून मोजायचे, एवढाच काय तो मतभेद.

सोलापूरला ही वाट नवी नाही. 'लोकमंगल' उद्योगसमूह उभा करणारे सुभाष देशमुख विधान परिषदेत गेले, 2004 ला लोकसभेत पोचले, 2009 ला माढ्यात थेट शरद पवारांसमोर उभे राहिले आणि हरले. 2014 ला दक्षिण सोलापुरातून आमदार झाले, 2016 ला सहकारमंत्री. आण्णांना हा क्रम तोंडपाठ आहे, फक्त 2009 आलं की त्यांना खोकला येतो.

पक्षांविषयी त्यांचं धोरण एजन्सीत शिकलेलं. कंपनीचा खप घसरला की बोर्ड उतरवायचा, नवा रंग मारायचा. शटर तेच, मिस्त्री तोच, गिऱ्हाईकही तेच. लोक याला पक्षांतर म्हणतात. मला तर यात त्यांचा सगळ्यात प्रामाणिक गुण दिसतो: निष्ठेच्या गप्पा ते मारतच नाहीत.

खरी गंमत निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र भरताना.

"व्यवसाय?" वकिलांनी विचारलं.

"शेती."

"कारखाना?"

"मंडळींच्या नावावर."

"एजन्सी?"

"मेव्हण्याची."

"कॉलेज?"

"ते ट्रस्टचं की ओ. आपण नुसते विश्वस्त."

"वाहन?"

आण्णांनी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या सात पांढऱ्या गाड्यांकडे बघितलं. "नाही."

वकिलांनी 'शेती व समाजसेवा' लिहिलं आणि फी मात्र कारखान्याच्या हिशेबानं लावली.

त्याच रात्री आण्णा तिकिटासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला निघाले. आता वंदे भारत आहे, पण ती दिवसाढवळ्या जाते आणि डब्यात सगळे ओळखतात. गाडी सुटता सुटता बॅनरवाला पोरगा खिडकीशी पळत आला.

"आण्णा, बॅनरवर चिन्ह कुठलं टाकू?"

"फोटो मोठा घे," आण्णा म्हणाले, "आणि कोपरा मोकळा ठेव. कल्याण गेलं की फोन करतो."