भोंग्या, बोल!

जामनेरच्या माणसाला बोलतं करावं लागत नाही. टपरीवर कुणी ‘काय भो’ म्हणून खांद्यावर हात टाकला, की कापसाचा भाव, केळीचा भाव, कांगेला आलेलं पाणी, कुणाच्या पोरीची सोयरीक आणि येत्या निवडणुकीत कोण पडणार, हे सगळं चहा निवायच्या आत उरकतं. अशा गावात आमच्याच घरी न भुंकणारं कुत्रं निघावं, याला योगच म्हणायचं.

त्याचं नाव भोंग्या. पिल्लू असताना, आईपासून तोडून आणलं त्या रात्री त्यानं असा काही गळा काढला की आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, पहाटेच बारसं उरकून टाकलं. जन्माचा आवाज बहुतेक त्याच रात्री खर्ची पडला असावा. पुढे भोंग्या अंगानं भरला, तांबूस झाला, शेपटी वर वळली, पण तोंडातून ब्र नाही. घंटागाडी गाणं वाजवत आली की गल्लीतली यच्चयावत कुत्री तिच्यामागे धावत. हा ओट्यावर बसून गाडी वळेपर्यंत पाहत राही. अजिंठ्याच्या डोंगराकडची वानरं शेतात उतरली तेव्हाही त्यानं त्यांच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. काकूंचं निदान वेगळंच होतं. पाचोऱ्याहून येणारी पीजे, ती अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, शिट्टी द्यायची तेव्हा स्टेशनाकडची कुत्री तोंड वर करून सूर लावायची. करोनात ती थांबली ती थांबलीच, आणि मग रुंदीकरण आलं. भोंग्याचा जन्म त्यानंतरचा. “बिचाऱ्याले सूर कोनी दाखोलाच नही,” असं काकू म्हणत.

तसं हेही चालून गेलं असतं. पण दिवाळी झाली आणि कापूस घरात आला. आमच्याकडे कापूस वेचल्याबरोबर विकत नाहीत. आज ना उद्या भाव वाढेल म्हणून खोलीत छतापर्यंत भरून ठेवतात. मग भाव वाढेपर्यंत अख्खं घर अंग खाजवत बसतं, कारण त्यातले बारीक किडे कुणाला सोडत नाहीत. खाजवत नव्हता तो एकटा भोंग्या. तो त्याच ढिगावर खळगा करून खुशाल झोपे. त्यात शिवारात मोटारींच्या केबली कापून नेण्याचं सत्र सुरू झालं. चोरांना हवं असतं आतलं तांबं. आप्पांचा धीर सुटला. “राखनीचं कुत्रं अन् भुकत नही? मंग का त्याची आरती करू?”

भोंग्याची बाजू मांडायची म्हणून मी थोडं वाचलं. लांडगा मोठेपणी क्वचितच भुंकतो. भुंकण्याचा हा हव्यास कुत्र्याला माणसाच्या सोबतीनं लागला, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 साली कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढीतले माणसाला न बुजणारे कोल्हे तेवढे निवडायचे आणि त्यांचीच वीण वाढवायची, एवढीच अट. काही पिढ्यांत ते शेपटी हलवू लागले आणि कुत्र्यासारखे भुंकूही लागले. हंगेरीतल्या संशोधकांनी तर कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं. कुत्रं एकटं पडलंय, खेळतंय की अनोळखी माणसावर धावतंय, हे कधी कुत्रं न पाळलेल्यांनाही बऱ्यापैकी ओळखता आलं. थोडक्यात, कुत्रं भुंकतं ते बऱ्याच अंशी आपल्यासाठी. हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग याले आपन दिसत नही का?” माझं मत जरा निराळं आहे. आपण त्याला चांगलेच दिसलो असणार. घरात बोलणारे पुष्कळ आहेत, हे पाहूनच त्यानं आपला विचार केला असणार.

शिकवायचं ठरलं तेव्हा गुरू म्हणून घेतला बी. एफ. स्किनर. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1951 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्राण्यांना कसं शिकवावं यावर एक लेख लिहिला होता. त्याचं सांगणं सोपं आहे. जनावरानं हवी ती गोष्ट केली की त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि मग खाऊ द्यायचा. क्षण चुकला की गेलं. कुत्रं भुंकून मान वळवतं, आपण खाऊ देतो, आणि ते शिकतं मान वळवायला. आवाजासाठी त्यानं टिकटिक वाजणारं खेळणं सुचवलं होतं. आमच्याकडे बॉलपेन होतं. खाऊ म्हणून सकाळच्या वरण-बट्टीतली उरलेली बट्टी. चार संध्याकाळी नुसतं पेन टिक, बट्टी, टिक, बट्टी. टिक म्हणजे बट्टी देणं लागतं, हे भोंग्याला कळायला वेळ लागला नाही.

अडचण पुढे होती. भुंकल्यावर बक्षीस द्यायचं, तर आधी भुंकायला तर हवं. आप्पांनी बंडीच्या बाह्या सावरल्या, गुडघ्यांवर हात टेकले आणि अंगणाच्या मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात “भो! भो!” सुरू केलं. रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबला. “का वं आप्पा, मले बलावलं का?” भोंग्या या दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. शेजारची आजी भिंतीवरून डोकावली. “खंडोबाचे वाघ्या झाले का काय आप्पा?” आजीचं बोलणं अगदीच अस्थानी नव्हतं. स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवणारे वाघ्ये खंडोबापुढे खरोखर भुंकत आणि कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, अन्न कुत्र्यासारखं खात. तशी रीतच होती. म्हणजे भक्तीनं भुंकणारी माणसं या मुलखाला नवी नाहीत. पंचाईत होते ती कुत्र्याला भक्ती नसेल तेव्हा.

शेवटी बट्टीच कामी आली. मी ती मुठीत धरून त्याच्या नाकासमोर नेली आणि मूठ उघडलीच नाही. भोंग्यानं आधी मूठ चाटली, मग पंजा ठेवला. मग तो मागे सरकला, पुढचे पाय एकदा इकडे एकदा तिकडे टेकवले, कान मागे गेले. गळ्याखाली काहीतरी हललं, ओठांच्या कोपऱ्यात वारा भरला आणि नाकातून शिंकेसारखा ‘हुफ’ निघाला. टिक! बट्टी. पुढचे काही दिवस हुफ चालला. मग नुसत्या हुफला बट्टी बंद, जरा मोठ्यालाच. आणि एका संध्याकाळी, कसं कोण जाणे, एक सणसणीत ‘भॉ’ बाहेर पडला. भोंग्या दचकून मागे वळला आणि कोण भुंकलं ते शोधू लागला.

मग ‘बोल’ हा शब्द जोडला. आधी ‘बोल’, मग भॉ, मग टिक, मग बट्टी. ‘बोल’ न म्हणता भुंकलं तर काही नाही. इथेच खरी मेख आहे. गळा सतत चालू असणाऱ्या कुत्र्यांनाही हुकमावर भुंकायला शिकवतात, ते यासाठीच की हुकूम नसेल तेव्हा त्यांनी गप्प बसावं. आम्ही मुळातल्या मौनी बाबाला नियम लावून दिला की विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. परीक्षा म्हणून माझ्या पुतण्यानं रात्री घोंगडं पांघरलं आणि भिंतीवरून उडी टाकली. भोंग्या उठला, शेपटी हलवत त्याच्यापुढे जाऊन बसला आणि तोंडाकडे पाहत राहिला. चोर स्वतः ‘बोल’ म्हणाला असता तर भोंग्या नक्की भुंकला असता. भूकंपाच्या ढिगाऱ्यात जिवंत माणूस सापडला की भुंकणारी कुत्रीही शिकवूनच तयार करतात, पण तिथे हुकूम देतो तो ढिगाऱ्याखालच्या माणसाचा वास. त्यामागे महिनोन् महिन्यांची मेहनत असते. बॉम्ब हुंगणाऱ्या कुत्र्याला उलट न भुंकता, बॉम्बला न शिवता तिथेच गुमान बसायला शिकवतात. भोंग्या त्या खात्यात असता तर एव्हाना साहेब झाला असता.

आमच्याकडे तो झाला पाहुण्यांची करमणूक. “भोंग्या, बोल!” की भॉ, आणि पाहुण्यांच्या टाळ्या. लहानपणी आम्हालाही असंच बैठकीत उभं करून तेराचा पाढा म्हणायला लावत. भोंग्याचा चेहरा अगदी तस्सा व्हायचा. मी आप्पांना एकलव्याची गोष्ट सांगून पाहिली. पांडवांचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं, त्यानं सात बाणांनी त्याचं तोंड बंद केलं, ते बाण पाहून पांडव त्याच्यापर्यंत पोचले आणि त्यांच्या मागून द्रोणाचार्य. ते कुत्रं भोंग्यासारखं असतं तर पोराचा अंगठा वाचला असता. आप्पा म्हणाले, “त्याच्या घरी कापूस नव्हता.”

संक्रांतीच्या सुमारास भाव जरा हलला आणि खेडा खरेदीवाले शेठ काटा घेऊन दारात आले. गाठोडी एकेक करून काट्यावर चढू लागली. शेठ वजन पाहत, खिशातलं बॉलपेन काढत, टिक, वहीत आकडा लिहीत, टिक, पेन परत खिशात. पहिल्या टिकला भोंग्या ढिगावरून उतरला. दुसऱ्याला येऊन शेठच्या पायाशी बसला. तिसऱ्या, चौथ्या टिकला त्यानं शेठच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. देणं थकत चाललं होतं. पुढच्या गाठोड्याला शेठनी पेन दाबलं, तसा भोंग्या उभा राहिला आणि कुणी ‘बोल’ न म्हणता, जन्मात पहिल्यांदा, आपल्या मनानं भुंकला. एकदा नाही, थांबायचं नावच घेईना. शेठ वहीसकट दोन पायऱ्या मागे.

आप्पा खाटेवरून शांतपणे उठले. “शेठ, काटा पुन्हा लावा. कुत्रं नही म्हनते.”

“आप्पा, त्याले का समजते वजनातलं?”

“लावा तं खरं.”

काटा पुन्हा लागला. गाठोडं मघापेक्षा अंमळ जड भरलं. शेठनी काट्याखालचा खडा पायानं बाजूला केला, जमीनच सारखी नव्हती म्हणाले आणि आकडा खोडून नवा लिहिला. टिक. भोंग्या पुन्हा सुरू झाला, तसे आप्पा दाराकडे वळून ओरडले, “अवं, सकाळची बट्टी उरली का? सगळीच आन!”